‘तांत्रिक ऋण’ : एका रूपकाचा इतिहास

संगणकाची आज्ञावली यंत्राप्रमाणे झिजत नाही. तथापि ती कालांतराने दुर्बोध होते. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या अभ्यासावरून मेयर लेहमन यांनी १९७४ साली दाखविले की, हेतुपुरस्सर प्रयत्न न केल्यास प्रत्येक बदलागणिक तिची गुंतागुंत वाढत जाते. १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी वायकॅश या वित्तीय आज्ञावलीविषयी लिहिताना ऋणाचे रूपक योजिले : अपुऱ्या आकलनानिशी केलेले पहिले लेखन हे कर्ज, त्यापायी पडणारे जादा श्रम हे व्याज आणि पुनर्लेखन ही परतफेड. पुढे निकृष्ट लेखनासही हीच संज्ञा लावण्याचा प्रघात पडला. असे लेखन आपणांस कधीच अभिप्रेत नव्हते, हे कनिंगहॅम यांनी २००९ साली स्पष्ट केले. हा भेद विसरल्यास ऋण ही योजना न राहता केवळ सबब ठरते.