वाट पाहणारा द्राक्षारस

पोर्तुगालच्या उत्तरेस, दोउरो नदीच्या खोऱ्यातील द्राक्षांपासून पोर्ट हा द्राक्षारस सिद्ध होतो. त्यातील ‘व्हिंटेज’ हा प्रकार विशेष दीर्घायुषी. त्याचा पेला ओठांस लावण्यापूर्वी त्यात मुरलेला इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

१७०३ च्या मेथ्युएन तहामुळे इंग्लंडात पोर्तुगीज द्राक्षारसावरील जकात फ्रेंच द्राक्षारसाहून कमी ठरली व मागणी वाढली. सागरप्रवासात रस टिकावा म्हणून त्यात ब्रँडी मिसळीत. पुढे रस आंबत असतानाच ती ओतण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे आंबणे थांबते आणि द्राक्षांची साखर शिल्लक राहते. १६७८ साली लामेगोच्या एका मठाधिपतींनी ही युक्ती इंग्रज व्यापाऱ्यांना दाखविली, अशी आख्यायिका आहे. आम्हां धर्मगुरूंना ती सुखावते. तरी तिला आख्यायिकाच म्हणावे.

मागणीपाठोपाठ भेसळ आली. रंग गडद व्हावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळला जाई. पुढे पोंबालचे मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या प्रधानांनी १७५६ साली मक्तेदार कंपनी स्थापिली, द्राक्षमळ्यांची हद्द आखली आणि एल्डरबेरीची झाडे उपटविली. कंपनीच्या मक्त्याविरुद्ध १७५७ साली पोर्तो शहरात दंगल उसळली. अनेकांना फाशी झाली. शुद्धतेच्या या कायद्यावर असे रक्ताचे डागही आहेत.

दीर्घायुष्य मात्र बाटलीने दिले. अठराव्या शतकात फुगीर बाटल्या जाऊन सरळ, लांबट बाटल्या आल्या. त्या आडव्या ठेविल्या की बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. एकाच उत्तम वर्षाचा रस सुमारे दोन वर्षे पिंपात राहून बाटलीत जातो व तेथे कित्येक दशके मुरतो.

अशी बाटली आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे साका तळाशी बसतो. मग दिव्यासमोर धरून रस संथपणे सुरईत ओतावा. साका मानेशी येताच थांबावे. तरुणपणीचा जांभळा रंग आता विटकरी झालेला असतो, तुरटपणा मऊ झालेला असतो, आणि सुक्या अंजिराचा व मसाल्याचा गंध दरवळतो. घोट क्षणभर जिभेवर घोळवावा.

इंग्लंडात मुलाच्या जन्मवर्षाचा पोर्ट त्याच्यासाठी साठवून ठेवण्याची चाल होती. मूल वयात येईतो साठविणारा हयात असेलच, असे नव्हते. पेला उचलताना त्याचे स्मरण करावे, आणि पोर्तोच्या त्या फाशी गेलेल्यांचेही.