हवेसाठी वेगळा डबा

घरखर्चातून औषधपाण्याचे पैसे आपण वेगळ्या डब्यात ठेवतो. सगळे एकत्र ठेवले, तर ते कधी संपतात कळतही नाही. अमेरिकेच्या सरकारनेही हवेसाठी असाच एक डबा केला. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

1943 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके पसरले. डोळे चुरचुरू लागले, घसा जळू लागला. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, असे लोकांना वाटले. पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने उलगडा केला. मोटारींच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशात रासायनिक प्रक्रिया होऊन हे धुरके तयार होत होते. 1958 साली तिथल्या गृहिणींनी 'स्टॅम्प आउट स्मॉग', म्हणजे 'धुरके हटवा', ही संघटना काढली. मुलांच्या श्वासाचा प्रश्न घेऊन त्या सरकारी सुनावण्यांना गटाने जाऊ लागल्या.

पण पैसा दुसरीकडेच वाहत होता. 1956 च्या कायद्याने पेट्रोलवरच्या कराचा महामार्ग निधी उभारला. मोठ्या महामार्गांचा 90 टक्के खर्च केंद्र सरकार देई. रस्ते वाढले, तशा मोटारी वाढल्या आणि धूरही वाढला.

1970 साली स्वच्छ हवेचा कडक कायदा आला. तरी कित्येक शहरांची हवा ठरलेल्या मापात बसेना. 1990 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. हवा खराब असलेल्या भागात रस्त्यांचे आराखडे हवेच्या आराखड्याशी जुळलेच पाहिजेत, असे बंधन आले. पण नुसत्या बंधनाने बस कशी धावणार? त्याला पैसा लागतो.

तो 1991 च्या वाहतूक कायद्याने दिला. गर्दी कमी करण्यासाठी आणि हवा सुधारण्यासाठी सहा वर्षांकरिता सुमारे 6 अब्ज डॉलर वेगळे काढले. महामार्ग निधीतूनच! जिथे हवा वाईट आणि वस्ती जास्त, तिथल्या राज्यांना जास्त वाटा मिळाला. त्यातून बस, सायकलचे रस्ते, सिग्नलची सुधारणा, वाहनांच्या धुराची तपासणी अशी कामे करता आली. एकेकट्याने मोटार चालवणाऱ्यांसाठी रस्ता रुंद करायला मात्र हा पैसा वापरायचा नाही, अशी अट होती. आम्हाला वाटते, सगळ्यात मोलाची गोष्ट हीच अट आहे.

डब्याचे झाकण मात्र पुढे सैल झाले. 2012 च्या कायद्याने राज्यांना यातली निम्म्यापर्यंत रक्कम रस्त्यांच्या इतर योजनांकडे वळवण्याची मुभा दिली. 2021 च्या कायद्याने पाच वर्षांसाठी सुमारे 13 अब्ज डॉलर ठेवले, पण वळवण्याची वाट खुलीच राहिली.

म्हणून मैत्रिणींनो, कुठलाही चांगला कायदा झाला की आपण तीन प्रश्न विचारू या. त्यासाठी पैसा वेगळा काढला का? तो कशावर खर्च करायचा नाही, हे लिहिले का? आणि डब्याची किल्ली कोणाकडे आहे?