व्हॅनपोर्टच्या शाळा

सप्टेंबर 1942. कोलंबिया नदी आणि अमेरिकेतलं पोर्टलंड शहर यांच्या मधल्या पाणथळीत तुम्ही उभे आहात. चहूबाजूंनी मातीचे भराव. जमीन इतकी खोलगट, की नदीला पूर आला तर पाणी तुमच्या डोक्याच्याही वरून वाहील. तरी इथे रात्रंदिवस सुतारकाम चाललंय. जवळच हेन्री कायझर या उद्योगपतीच्या गोद्या आहेत. त्यांतल्या एका गोदीने याच महिन्यात ‘जोसेफ एन. टील’ हे मालवाहू जहाज दहा दिवसांत बांधून पाण्यात सोडलं. असा वेग ठेवायचा तर माणसं हवीत, आणि ती देशभरातून खास आगगाड्या भरून येताहेत. त्यांना राहायला पोर्टलंडमध्ये जागा नाही.

डिसेंबरात पहिली बिऱ्हाडं लागतात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुम्ही परत याल तेव्हा पाया म्हणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेल्या जवळजवळ दहा हजार घरांचं गाव उभं असेल. नाव व्हॅनपोर्ट. ऐन भरात इथे चाळीस हजारांवर माणसं राहतील आणि ओरेगन राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर म्हणून त्याची गणना होईल. या शहराला महापौर नाही, कुणाच्या मालकीचं घर नाही. सगळंच सरकारी.

इथेच शाळांची अडचण सुरू होते. अमेरिकेत गावोगावच्या शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतं. त्याचं मंडळ वेगळं, तिजोरी वेगळी, आणि ती तिजोरी बऱ्याच अंशी घरपट्टीवर भरते. सरकारी घरांना घरपट्टी कुठली? म्हणून व्हॅनपोर्टच्या वर्गांना पैसा येतो तो वॉशिंग्टनहून, लॅनहॅम कायद्याखाली, युद्धखर्चाचा भाग म्हणून. गोदी चालेल तोवर शाळा चालेल, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता त्या शाळेकडे चला. वाटेत हळू बोला. भिंती पातळ आहेत आणि रात्रपाळी करून आलेले वेल्डर आत झोपलेत. त्यांच्यात बायकाही पुष्कळ. त्या कामावर असताना लहानग्यांना कोण सांभाळणार, याचं उत्तर कायझरने नोव्हेंबर 1943 मध्ये दोन गोद्यांच्या दारातच दिलंय. दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथे पाळ्यांनुसार चालणारी बालकेंद्रं आहेत. प्रशिक्षित शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. पाळी सुटल्यावर आई मुलाला घ्यायला येते तेव्हा आधी सांगून ठेवलेलं तयार जेवणही पैसे देऊन घरी नेऊ शकते. बाई दिवसभर लोखंड जोडून दमते आणि घरी चूल तिची वाट पाहत असते, हे एखाद्या कारखानदाराला कळावं आणि त्याने त्यावर काही करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तुम्ही वर्गाच्या दारात पोहोचलात. आत पाहा. बाकांवर गोरी मुलं आहेत आणि काळी मुलंही आहेत, एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर. हे किती मोठं आहे हे कळायला तुम्हाला ओरेगन माहीत हवं. काळ्या माणसांना इथे वस्ती करायला मज्जाव करणारं कलम राज्याच्या घटनेत होतं. ते 1926 मध्ये निघालं. 1940 मध्ये पोर्टलंडमध्ये जेमतेम दोन हजार कृष्णवर्णीय होते. दक्षिणेतल्या राज्यांतून आलेली काही मुलं तर गोऱ्या मुलाशेजारी जन्मात प्रथमच बसताहेत. शाळांचे अधीक्षक जेम्स हॅमिल्टन यांचं धोरण सरळ आहे: रंगावरून कुणाला वेगळं वागवायचं नाही. ते शिक्षकांनाही लागू आहे. ओरेगनमधले पहिले कृष्णवर्णीय शिक्षक नेमले गेले ते याच गावात.

वर्गाबाहेर पडलात की चित्र बदलतं. घरं वाटताना गृहनिर्माण खात्याने काळ्यांना ठरावीक रस्त्यांवरच ठेवलंय. आणि गावापासून थोड्याच अंतरावर गुरांच्या प्रदर्शनाची ती इमारत आहे, जिथे 1942 च्या उन्हाळ्यात साडेतीन हजारांहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना कोंडलं होतं. युद्धानंतर छावण्यांतून सुटलेली त्यांच्यातली काही कुटुंबं व्हॅनपोर्टमध्येच भाड्याने राहायला येतात.

1946. गोद्यांचं काम आटलंय. कामगार पांगताहेत, रिकाम्या घरांत सैन्यातून परतलेले तरुण येताहेत. स्टीफन एप्लर नावाचा माणूस त्यांच्यासाठी इथेच कॉलेज काढतो.

आता 30 मे 1948, रविवार, मृतांच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस. नदी कित्येक दिवस फुगलेली आहे. सकाळी घरोघर पत्रकं वाटली गेलीत: बांध सुरक्षित आहेत, गरज पडल्यास सूचना मिळेल, घाबरू नका. लोकांनी विश्वास ठेवलाय. दुपारी 4 वाजून 17 मिनिटांनी पश्चिमेचा रेल्वेचा भराव फुटतो. पाणी आधी गावातल्या दलदलीच्या नाल्यांत भरतं आणि त्यामुळे अर्धाएक तास मिळतो. भोंगा वाजतोय. डेन्व्हर अव्हेन्यूकडे जाणाऱ्या गर्दीत तुम्हीही पळा. मागे घरं लाकडी ठोकळ्यांवरून सुटून तरंगताहेत, एकमेकांवर आदळताहेत. पंधरा माणसं जातात. साडेअठरा हजार बेघर होतात, त्यांतले सहा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय. सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते. शाळेचा दिवस असता तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही.

कॉलेज वाचलं. एप्लर आणि विद्यार्थ्यांनी हट्ट धरला, नव्या जागा शोधल्या, आणि त्यातून आजचं पोर्टलंड स्टेट विद्यापीठ झालं. शाळांसाठी असा हट्ट धरणारं कुणी उरलं नव्हतं. घरं गेली, मुलं पांगली, डिस्ट्रिक्ट संपलं. पोर्टलंडच्या घरदलालांनी 1919 पासून गोऱ्या वस्तीत काळ्यांना घर न विकण्याचा नियम केला होता. म्हणून बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं अल्बायना भागात एकवटली आणि त्यांची मुलं तिथल्याच शाळांत गेली. युद्ध संपायच्या आत व्हॅनपोर्टने जे सहज करून दाखवलं होतं, ते पोर्टलंडने सोडून दिलं. 1964 मध्ये शहराच्या शाळा-मंडळापुढे एक जाडजूड अहवाल येतो: काळी आणि गोरी मुलं वेगवेगळ्या शाळांत का शिकताहेत, आणि त्यावर काय करावं.