टोपीवरचे पक्षी, फांदीवरचे पक्षी

१८८६ साली पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोनदा फेरफटका मारून स्त्रियांच्या ७०० टोप्या न्याहाळल्या. त्यांपैकी ५४२ टोप्या पिसांनी सजलेल्या होत्या. काहींवर तर पेंढा भरलेले अख्खे पक्षीच होते. चॅपमन यांनी त्यांत ४० जाती ओळखल्या.

१९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला व विक्रीला आळा बसला. १९३४ मध्ये याच शहरातील सेंट्रल पार्कचा सुमारे ४ एकरांचा तुकडा पक्ष्यांसाठी राखून माणसांना बंद करण्यात आला. वसंतात उत्तरेकडे निघालेले इवलेसे वार्बलर रात्रभर उडून पहाटे या उद्यानात उतरतात आणि दुर्बिणी घेतलेले नागरिक त्यांची नोंद करतात.

मोजणी आजही चालते; मात्र ती जिवंत पक्ष्यांची व्हावी, यासाठी कायदा आणि कुंपण दोन्ही लागले.