स्ट्रँगफर्डच्या मुखावरचा पहारा

उत्तर आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्ट्रँगफर्ड लॉख ही सुमारे १५० चौरस किलोमीटरची खाडी एका चिंचोळ्या मुखाने समुद्राला मिळते, आणि या मुखातून भरती-ओहोटीचे पाणी इतक्या वेगाने ये-जा करते की त्याला कामाला जुंपण्याची कल्पना तेथे फार जुनी आहे. खाडीतील माही बेटावर, नेंड्रमच्या ख्रिस्ती मठात, भरतीचे पाणी बांधाआड साठवून ओहोटीच्या वेळी त्यावर जाते फिरविणारी गिरणी होती. तिच्या लाकडांतील वार्षिक वाढीच्या वलयांवरून तिचा काळ इ.स. ६१९ ठरविण्यात आला आहे. त्या गिरणीपायी खाडीतल्या जिवांचे काय होते, हे पाहण्याची गरज मठवासीयांना भासली असण्याचा संभव कमीच.

२००८ मध्ये याच मुखात ‘सीजेन’ हे १.२ मेगावॉट क्षमतेचे, १६ मीटर व्यासाच्या दोन चक्रांचे, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज निर्माण करणारे टर्बाइन उभे राहिले, तेव्हा मात्र परिस्थिती अगदी उलट होती. खाडी संरक्षित क्षेत्र होती, हार्बर सील हे त्या संरक्षणाचे एक कारण होते, आणि फिरत्या पात्यांचा फटका सीलना बसेल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून परवानगी देण्यात आली ती पहाऱ्याच्या अटीवर. यंत्र बसविण्यापूर्वीच सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनच्या जवळचा, आकाराने लहान असा सागरी सस्तन प्राणी) यांच्या वावराच्या नोंदी सुरू झाल्या, जेणेकरून पुढील बदल मोजण्यास आधार मिळावा. प्रारंभी यंत्रावर निरीक्षक बसत आणि ते केवळ दिवसा चाले. पुढे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून वस्तू टिपणाऱ्या सोनारवर नजर ठेवून, सील ठरावीक अंतराच्या आत येताच चक्रे थांबविली जाऊ लागली. हे अंतर सुरुवातीला २०० मीटर होते आणि अनुभवानुसार कमी करण्यात आले. नोंदी पाहून अटी सैल वा कडक करण्याच्या या रीतीला अनुकूली व्यवस्थापन म्हणतात.

या पहाऱ्याच्या २०११ च्या अहवालाने मोठा दुष्परिणाम आढळला नसल्याचे सांगितले, आणि सील मुखातून ये-जा करीतच राहिले. तथापि या निर्वाळ्याचे मोल जपूनच करावयास हवे, कारण सील जवळ आला की यंत्रच थांबत असल्याने फिरत्या पात्यासमोर तो काय करतो हा मूळ प्रश्न पहाऱ्यानेच अनुत्तरित ठेवला होता. सीलची काळजी घेण्याची अट आणि सीलविषयी जाणून घेण्याची इच्छा या दोन्ही एकाच यंत्राकडून पुऱ्या होणे शक्य नव्हते.

सीजेन २०१९ मध्ये पूर्णपणे हटविण्यात आले. फिरत्या पात्यासमोर प्राणी काय करतात हा तेथे राहून गेलेला प्रश्न हाती घेऊन स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थमधील मेजेन या भरती-ओहोटीच्या वीज प्रकल्पात संशोधकांनी चालत्या टर्बाइनच्या तळावरच पाण्यातील आवाज टिपणारे हायड्रोफोन बसविले, आणि पॉरपॉइज फिरती पाती टाळून जातात असे त्यांना दिसले; पॉरपॉइज वाट काढण्यासाठी सतत टिकटिक आवाज काढतात म्हणून हे साधले, सील तसा आवाज काढीत नसल्याने त्यांच्यासाठी पुन्हा सोनारचाच आधार घ्यावा लागतो.