चालता गुडघा कसा मोजला?

चुंबकत्व शिकवताना 'वेबर' हे एकक आपल्याला भेटते. ज्यांच्या नावावरून ते आले, त्या विल्हेल्म वेबर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने माणसाच्या चालण्याचाही अभ्यास केला होता. शरीररचनाशास्त्र जाणणारा धाकटा भाऊ एडुआर्ड याच्यासह त्याने १८३६ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की पुढे येणारा पाय लंबकासारखा आपोआप झुलतो. त्यासाठी स्नायूंनी जोर लावावा लागत नाही.

हे पडताळायचे कसे? चालीचे बारकावे नुसत्या डोळ्यांना टिपता येत नाहीत. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ पासून एकाच काचेवर हालचालीच्या अनेक छबी टिपल्या. १८९१ साली लाइपझिगमध्ये ब्राउन आणि फिशर यांनी पुढचे पाऊल टाकले. एका सैनिकाच्या अंगावर ११ काचनळ्या बांधल्या, त्या विजेने लुकलुकत ठेवल्या आणि अंधारात त्याला चार कॅमेऱ्यांसमोरून चालवले. वर्षभरात ब्राउन वारला. फिशरने हाताने आकडेमोड करत १९०४ पर्यंत निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसत्या लंबकाने चालणे उलगडत नाही, स्नायूंनाही काम करावे लागते, असे त्यांतून दिसले.

आता गुडघ्याकडे वळू. मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. एवढ्यावर सांधा टिकणार नाही. त्याला अस्थिबंध आणि स्नायू धरून ठेवतात. संधिवातात कूर्चा झिजते, सांधा सैलावू शकतो, आणि मग "चालताना गुडघा दगा देतो" अशी तक्रार ऐकू येते.

ही तक्रार तपासायची कशी? १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी क्ष-किरण चित्रावरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. पण ते चित्र स्थिर गुडघ्याचे. डॉक्टर हाताने सैलपणा पाहतात, तेव्हाही रुग्ण आडवा आणि स्नायू ढिले असतात. चालताना मात्र गुडघ्यावर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार येतो.

म्हणून पुन्हा मारे-फिशर यांचीच वाट धरावी लागली. त्वचेवर खुणा, भोवती कॅमेरे, जमिनीत बल मोजणारी पट्टी आणि स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणारी उपकरणे, अशी ही आजची प्रयोगशाळा. तिथे दोन गोष्टी दिसल्या. काहींचा गुडघा पायावर भार येताच झटक्याने बाहेरच्या बाजूला झुकतो. २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, आतल्या बाजूने झिजलेल्या अशा गुडघ्यांची झीज दीड वर्षात वाढण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. दुसरी गोष्ट, डगमगता सांधा सावरण्यासाठी मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. तोल राहतो, पण सांध्यावरचा दाब वाढतो. स्थैर्याची ही किंमत क्ष-किरण चित्रात उमटत नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्याने भिंतीचा आधार घेऊन पायरीच्या कडेला उभे राहावे, एक पाय सैल सोडून झुलवावा आणि दहा झोक्यांचा वेळ मोजावा. मग हळू आणि झपझप चालून दहा-दहा पावलांचा वेळ मोजावा. चाल बदलली की पावलाचा वेळ बदलतो. सैल पायाच्या झोक्याचा मात्र जवळपास तोच राहतो. वेबर बंधूंचे कुठे चुकले, ते मुलांना आपसूक कळेल. आणि आजी गुडघ्याची तक्रार करते, तेव्हा नुसते चित्र पाहून तिला खोटे ठरवू नये, हेही.