दिनविशेष : २ जानेवारी १९४३ – सिद्धगडचे हुतात्मे

नवी मुंबई : मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे ब्रिटिश पोलिसांनी आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीच्या तळाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील आणि दस्त्याचे नेते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांना वीरमरण आले. माथेरानचे वकील असलेले भाई अवघे तीस वर्षांचे होते.

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. मुंबईचे कारखाने सरकारसाठी युद्धसामग्री तयार करत होते. त्यांची वीज तोडणे म्हणजे थेट साम्राज्याच्या युद्धयंत्रणेवर घाव घालणे होते, आणि तो घातला शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या पोरांनी.

त्याच युद्धात माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो सन्मान रास्तच होता. भाई कोतवालही आजच्या रायगड जिल्ह्याचेच, पण ज्या राजवटीने ते पदक दिले तिच्या लेखी ते फरारी गुन्हेगार होते. शौर्य कोणाचे, हे बहुतेक वेळा पदक देणाराच ठरवतो; म्हणून पदकांच्या यादीबाहेरची ही नावे आपण स्वतःहून घ्यायला हवीत. सिद्धगडावर दर वर्षी या दिवशी लोक अभिवादनाला जमतात. नवी मुंबईहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते. शाळांनी मुलांना एकदा तरी न्यावे.